सोमवारचा राग

मुलींची निवासी शाळा, वसमत
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

श्री. संपतराव यांस,
गुलनाज सिस्टरचा सलाम.

काल मी तुम्हाला फोन केला होता. तुमची मुलगी सत्यशीला हिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मी पहिला शब्द उच्चारला आणि पुढची चार मिनिटं तुम्हीच बोललात. आवाज इतका मोठा होता की शिरड शहापूरहून वसमतला बोलायला या माणसाला फोन लागतो कशाला, असं वाटून गेलं. मग मी फोन ठेवला. त्याची माफी मागत नाही. कागदावर कुणाचा आवाज चढत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. शिरडच्या एसटीत कंडक्टरजवळ देते. उत्तरही तसंच पाठवा.

सत्यशीलानं काल गणिताच्या तासाला डस्टर फेकला. तो देविदास सरांच्या कानाजवळून गेला आणि फळ्यावर आपटला. सर शांत माणूस. त्यांनी हातातलं समीकरण पूर्ण सोडवलं आणि मग खुर्चीत बसून घाम पुसला. याआधी १६ डिसेंबरला तिनं जेवणाचं ताट फेकलं होतं, ३० डिसेंबरला बादली.

आता यात नर्सचं काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. गेल्या महिन्यात मला दोन तासांचं ऑनलाईन प्रशिक्षण दिलं गेलं, 'किशोरवयीन मुलींचा राग'. त्यातला पाऊण तास आवाजच येत नव्हता. प्रमाणपत्र मात्र व्यवस्थित आलं. तेव्हापासून मुख्याध्यापिकांनी, त्यांना इथं सगळे मोठ्या बाई म्हणतात, शाळेतलं राग खातं माझ्याकडं सोपवलं आहे. आत्तापर्यंत माझ्याकडं फक्त उवा, लोहाच्या गोळ्या आणि खरचटलेले गुडघे होते.

सत्यशीला माझ्या खोलीत अर्धा तास बसली. शेवटी एवढंच म्हणाली की राग यायच्या आधी कान गरम होतात. मला ही मोठी बातमी वाटली. मी तिला सांगितलं की कान गरम झाले की कुणाला न विचारता वर्गातून उठायचं आणि इकडं यायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, म्हणजे राग आला की सुट्टी का. मी म्हटलं, ताप आल्यावर देतोच ना.

घरी काही घडलं आहे का, एवढं कळवा. आणि तिला भेटायला या.

गुलनाज

---

शिरड शहापूर
शुक्रवार, १० जानेवारी

गुलनाज सिस्टरबाईंना संपतरावचा रामराम.

पत्र भेटलं. आधी कंडक्टरनं वाचलं, मंग पारावरच्या दोघांनी, मंग मला दिलं. पुढच्या टायमाला पाकीट चिकटवत जा.

रागाची नर्स पहिल्यांदाच ऐकली. रागावर इंजेक्शन निघालं असेल तर दोन पाठवा, एक आमच्या सरपंचाला टोचतो. आमच्या टायमाला शाळेत रागाचं खातं न्हवतं. राग गुरुजीला यायचा अन् मार आमाला बसायचा, सगळं बराबर चालायचं.

घरी काय घडनार? चाळीस मेंढरं हायेत, अकरा शेळ्या हायेत. त्यांना कुनालाच राग येत न्हाई. तिची आई सत्यभामा शिवनकामात गुंतलेली हाये. लगीनसराईचे ब्लाऊज आलेत, मान वर करायला टाईम न्हाई. पोरगी आमची गरीब गाय. घरी कधी आवाज चढवला न्हाई. आता शाळेत जाऊन बिघडली, म्हनजे बिघडवली कुनी, हे सांगायला प्रमानपत्र लागत न्हाई.

मी तापट हाये, मान्य हाये. पन बायकोवर न्हाई तर लेकरावर हात उचलनारे गावात मोजले, तर त्यात माझं नाव येनार न्हाई. कुनाला बी विचारा.

भेटायला यायचं होतं, पन मेंढरं व्यायला झालीत. तिला म्हनावं, आबानं नीट ऱ्हा म्हनून सांगितलं.

संपतराव

---

वसमत
मंगळवार, १४ जानेवारी

संपतराव,

आज संक्रांत. सोबत तिळगूळ पाठवला आहे. गोड बोला असं मी लिहिणार नाही, माणसावर उगाच सक्ती नको. पाकीट चिकटवलं आहे आणि वरून टाकाही घातला आहे. तरी गावाला कळलं तर कंडक्टरला आमच्या शाळेत नोकरी देऊ.

ताप आलेल्या माणसाचा आम्ही तक्ता ठेवतो. दिवस, वेळ, किती चढला. तसा मी सत्यशीलाच्या रागाचा ठेवला. मागचं वसतिगृहाच्या वहीतून काढलं. सोळा डिसेंबरपासून लहान-मोठं धरून सात वेळा झालं आहे. पाच वेळा सोमवारी, दोन वेळा रविवारी संध्याकाळी.

सोमवारी पहिला तास गणिताचा असतो. त्यामुळं चार दिवस मी देविदास सरांकडं फार संशयानं पाहत होते. बिचाऱ्यांनी मला दोनदा विचारलं की सिस्टर, माझी तब्येत बरी दिसत नाही का. मग मी दुसरी वही उघडली, पालकांच्या भेटीची. रविवारी दहा ते चार पालक येतात, डबे आणतात. डिसेंबरपासून सत्यशीलाच्या नावापुढं एकही सही नाही. वॉचमन सांगतो की ती दर रविवारी दहा वाजता वेणी घालून पायऱ्यांवर येऊन बसते. चारला गेट बंद झालं की उठते.

आणखी एक. तिनं आजवर कुणाला मारलेलं नाही. ती वस्तू फेकते, आणि माणसाच्या बाजूनं फेकते. हात उचलायचा नाही, हा तुमच्या घरचा नेम ती बराबर पाळते आहे. वस्तू फेकायचं कुठून आलं, ते मला सापडत नाही. तुमच्या घरी कोण फेकतं?

मेंढरं व्याली असतील तर अभिनंदन. आता या.

गुलनाज

---

शिरड शहापूर
शुक्रवार, १७ जानेवारी

सिस्टरबाई,

तिळगूळ चांगला होता, जरा कडक होता, पाठवनाऱ्यासारखा.

तुमी नर्स हायेत का फौजदार, हे एकदा कळवा. त्या हिशोबानं रामराम करायचा का हात वर करायचे ते ठरवतो. राग पोरीला येतो अन् जबानी बापाची घेता. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, अशी गत चालवून राहिले तुमी.

मेंढरं व्याली. आता कोकरं ल्हान हायेत. थंडी हाये. मेंढरू काय क्यालेंडरात रविवार बघून व्यात न्हाई. तिच्या आईला बी मशीन सोडवत न्हाई, दिवसभर खडखड खडखड, आमाला घरात बोललेलं ऐकू येत न्हाई. महिनाअखेर बघू.

फेकाफेकीचं विचारलं. आमच्याकडं फेकायला हायेच काय?

संपतराव

---

वसमत
मंगळवार, २१ जानेवारी

संपतराव,

काल मोठ्या बाईंनी तुम्हाला सहा फोन केले, बंद लागले. म्हणून पत्रातच कळवते. घाबरू नका, सत्यशीला ठीक आहे. उजव्या तळहाताला पाच टाके पडले आहेत.

काल सकाळी तिनं तांब्या फेकला, तो खोलीच्या खिडकीवर बसला. काच फुटली. हात कापला तो फेकताना नाही. पाचवीच्या लहान मुली अनवाणी तिथून आंघोळीला जातात, म्हणून ती खाली बसून हातानं काचा गोळा करत होती. माझ्याकडं आली तेव्हा डाव्या हातात काचांचं फडकं होतं आणि उजव्या हातातून रक्त गळत होतं. आधी फडकं कुठं टाकू, असं तिनं विचारलं.

दवाखान्यात जाताना रिक्षात ती बोलली. पंधरा डिसेंबरला आकांक्षाला भेटायला तिची आई आली होती. आकांक्षा तुमच्याच गावची. तिच्या आईनं पायऱ्यांवर सगळ्यांसमोर विचारलं की तुझी आई माहेराहून, नरसीहून परत आली का गं, अन् मशीन विहिरीतून काढली का. सत्यशीलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती हसली आणि काढली म्हणून सांगितलं.

म्हणजे तुमच्या पत्नी दीड महिन्यापासून माहेरी आहेत. लगीनसराईचे ब्लाऊज, मान वर करायला वेळ नाही, दिवसभर खडखड, हे सगळं विहिरीच्या तळाशी चालतं, एवढंच लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं. तुमची म्हण मात्र बराबर होती. फक्त रेडा कोण आणि पखाल कोण, यात तुमची गफलत झाली.

मी तुम्हालाच बोलते असं नाही. दोन आठवडे मी पोरीला कान गरम होतात का एवढंच विचारत राहिले. पायऱ्यांवर ती कशाची वाट पाहते, ते विचारलं नाही. काल विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं, सांगायला तरी येतील."

सोमवारी ३ फेब्रुवारीला शाळेची समिती बसणार आहे. पालक आले नाहीत तर दाखला हातात देतील.

गुलनाज

---

शिरड शहापूर
गुरुवार, २३ जानेवारी

सिस्टरबाई,

तुमचं काम पट्टी बांधायचं. ती बांधली, उपकार झाले. दुसऱ्याच्या घरात काय चाललं, ते नर्सनं बघायचं काम न्हाई. दाखला देत असतील तर देऊन टाका, मला मेंढरामागं मानूस लागतोच.

पुढं पत्र पाठवू नका.

संपतराव

---

वसमत
शनिवार, २५ जानेवारी

संपतराव,

पत्र पाठवू नका म्हणालात, म्हणून पाठवते आहे.

प्रशिक्षणात सांगितलं होतं की रागात लिहिलेलं पत्र लगेच देऊ नये, दुसऱ्या दिवशी वाचावं. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तरी मला त्यातला शब्द न् शब्द योग्यच वाटला. मग ते फाडलं आणि हे लिहायला बसले. पहिलं जास्त चांगलं होतं.

सत्यशीला या आठवड्यात चार वेळा वर्गातून उठून माझ्याकडं आली. मी तिला उपदेश करत नाही, तो भिंतीवर रंगवलेला आहेच. मनगटावर गार पाणी घेते, जुने पेपर फाडत बसते, दहा मिनिटांनी काय झालं ते सांगते आणि परत जाते. चारही वेळा काही फेकलं नाही. मोठ्या बाईंच्या मते ही तासाला दांडी आहे. माझ्या मते औषध लागू पडतंय. मार्चपर्यंत तिची जबाबदारी माझी, असं मी त्यांना लिहून दिलं. त्या म्हणाल्या, सिस्टर, तुमची कंत्राटी नेमणूकही मार्चपर्यंतच आहे. तेव्हा आमचा दोघींचा निकाल बरोबरच लागेल.

समितीच्या आदल्या दिवशी, रविवारी २ फेब्रुवारीला, तुम्ही या. काही समजावून सांगायला नाही. तिला बोलू द्यायला. ती विचारेल त्याला खरं उत्तर द्यायचं, आणि ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तुमचे कान गरम झाले तर माझ्या खोलीत या. खाट एकच आहे, रिकामी ठेवते.

आणि मेंढरामागं माणूस लागतो, हे वाक्य मी तिला सांगितलेलं नाही. ते तुमचं नाही, तुमच्या रागाचं आहे, असं धरून चालते.

गुलनाज

---

शिरड शहापूर
मंगळवार, ४ फेब्रुवारी

गुलनाज सिस्टरबाईंना रामराम.

रविवारी तुमी मला पाह्यलं, पन मी काय बोललो न्हाई. बोलायचं काम मला त्या दिवशी बंद होतं. म्हनून आता लिहितो.

आधी मशीनचं. डिसेंबरच्या एक तारखेला घडलं. त्या दिवशी एक मेंढी मेली होती. मी घरी येऊन तीनदा पानी मागितलं. सत्यभामाला मशीनच्या आवाजात ऐकू गेलं न्हाई. बस, एवढंच. मी मशीन उचलली अन् विहिरीत टाकून आलो. तिनं बचतगटातून घेतली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नरसीला गेली, भावाकडं. मी लोकाला सांगत फिरलो, बायकोला बोट लावलं न्हाई. लोक बी म्हनले, व्हय, लावलं न्हाई.

तुमचं शेवटचं पत्र आल्यावर चार दिवस मला झोप न्हाई. गुरुवारी नरसीला गेलो. तिच्या भावानं दार उघडलं, पन बस म्हनला न्हाई. मी उभ्यानंच सांगितलं की शीलाला समदं माहीत हाये, हाताला टाके पडलेत. सत्यभामा खाली बसली. म्हनली, पोरीला कळू न्हाई म्हनून मी तिकडं पाय टाकला न्हाई. मी म्हनलं, मी बी त्याच्यासाठीच गेलो न्हाई. दोन महिन्यात आमी दोघांनी मिळून एवढं एकच काम एका विचारानं केलं, अन् ते हे.

मी म्हनलं, गळ टाकून मशीन काढतो, न्हाई दुरुस्त झाली तर दुसरी बघू. तर ती म्हनली, "मशीनचं सोडा. विहीर चाळीस पावलं हाये. तेवढं चालून बी तुमी थांबले न्हाई, त्याची भीती वाटती मला."

सिस्टरबाई, चाळीस पावलात मेंढरू सुदिक एकदा मागं वळून बघतं.

रविवारी दहाला पोचलो. शीला पायऱ्यांवर होती, हाताला पट्टी. मला बघून उठली न्हाई. पहिलंच विचारलं, "टाकली का न्हाई विहिरीत?" मी म्हनलं, टाकली. मंग ती बोलायला लागली. अर्धा तास बोलली. बाजूला लोकं डबे खाऊन राहिले होते, त्यांनी खायचं थांबवलं. दोनदा माझे कान तापले. एकदा मी उठून तुमच्या खोलीत आलो, तुमी काय न विचारता पान्याचा तांब्या पुढं केला. मला वाटलं, आता पोरगी म्हनंल आबा पळाला. परत गेलो तर म्हनली, बसा, माझं राह्यलंय.

तिला आई गेल्याचा राग न्हाई. ती म्हनली, "मी लहान हाये म्हणून तुमी दोघं गप बसले. अन् सगळ्या गावाला माहीत होतं."

मी चुकलो म्हनलं. तिनं डबा तेवढा ठेवून घेतला.

सोमवारच्या समितीत तुमी होत्याच. देविदास सरांची माफी मागितली तर ते म्हनले, पोरगी हुशार हाये, नेम बी चांगला हाये. मोठ्या बाईंनी हमीपत्र पुढं केलं. मी ते वाचलं अन् म्हनलं, पुन्हा असं घडनार न्हाई हे मी लिहून देऊ शकत न्हाई, माझीच कुनी हमी देत न्हाई. दर रविवारी येईन, एवढं लिहून देतो. त्यांना ते पटलं न्हाई, पन कागद ठेवून घेतला. मार्चपर्यंत राह्यली पोरगी.

पुढच्या रविवारी सत्यभामा बी येनार हाये. शाळेत येईन, घरी न्हाई, असं तिनं साफ सांगितलं.

तेवीस तारखेचं पत्र असेल तर फाडून टाका.

संपतराव

---

वसमत
गुरुवार, ६ फेब्रुवारी

संपतराव भाऊ,

तेवीस तारखेचं पत्र फाडणार नाही. राग खात्याचा तो पहिलाच दस्तऐवज आहे, कपाटात कुलपात ठेवला आहे.

मोठ्या बाईंनी काल मला बोलावलं. मला वाटलं, नेमणुकीबद्दल काही असेल. त्यांनी सहावीच्या दोन मुली माझ्यासमोर उभ्या केल्या आणि म्हणाल्या, यांनाही राग येतो. मग हळू आवाजात म्हणाल्या की सिस्टर, मलाही फार येतो, रात्री डोकं दुखतं. मी त्यांचं बीपी मोजलं. एकशे साठ निघालं. आता माझ्याकडं चौघी आहेत.

तुमच्या पत्नीला भीती वाटते, असं त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं. पुष्कळ बायका ते कधीच सांगत नाहीत. घाई करून उत्तर देऊ नका. रविवारी येत राहा.

गुलनाज

---

वसमत
मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. आबास,
सत्यशीलाचा नमस्कार.

हे पत्र सिस्टरनी लिहायला लावलेलं न्हाई. त्यांनी फक्त पाकीट दिलं, अन् चिकटव म्हणाल्या.

माझे टाके निघाले. हात अजून पूर्ण मिटत न्हाई, पण लिहिता येतं. काल सोमवार होता. मी काही फेकलं न्हाई. देविदास सर तरी डस्टर खिशात घालून शिकवत होते, त्यांची पँट पांढरी झाली. वर्ग हसला, मी पण हसले, मग सर पण हसले.

राग गेला असं समजू नका. तुमच्यावर अजून हाये. आईवर पण हाये, जरा कमी. सिस्टर म्हणतात, असू दे, फक्त तो कुठं जाऊन राहिला त्याच्यावर ध्यान ठेव.

परवा रविवारी तुमी दोघं आले. तुमी शेंगदाण्याचे लाडू आणले, आईनं पण शेंगदाण्याचेच आणले. तुमी पायरीच्या या टोकाला बसले, आई त्या टोकाला. तुमी मला म्हणाले, आईला विचार, पाणी पायजे का. आई मला म्हणाली, सांग त्यांना, नको. ती दोन हातांवर होती आबा, अन् तिला कानानं चांगलं ऐकू येतं. तुमी भांडले न्हाई, मला माहीत हाये तुमी दोघं माझ्यासाठीच गोड वागत होते. पण इकडं बघितलं की तिकडं वाईट वाटायचं, तिकडं बघितलं की इकडं. चार वाजता तुमी गेले तेव्हा माझे कान इतके गरम झाले होते की मी धावत हातपंपावर गेले अन् डोकंच खाली धरलं.

म्हणून मी ठरवलं हाये. आईला पण वेगळ्या पत्रात हेच लिहिलं. सकाळी दहा ते बारा तुमी या. दोन ते चार आई येईल. तुमची गेटवर भेट झाली तर काय बोलायचं ते तुमचं तुमी बघा, मी निरोप पोचवणार न्हाई.

बारा ते दोन कुणीच येऊ नका. तेवढा वेळ मला लागतो.

तुमची,
सत्यशीला